संगणक सुरू होताच बंद का पडतो?

कळ दाबावी, आतला पंखा क्षणभर फिरावा, पुढचा दिवा लुकलुकावा आणि पडद्यावर एक अक्षरही उमटण्यापूर्वी सारे पुन्हा निःशब्द व्हावे, हा अनुभव टेबलावरचा संगणक वापरणाऱ्या बहुतेकांना केव्हा ना केव्हा येतो. पुन्हा कळ दाबली तर कधी तेच घडते, कधी तेवढेही घडत नाही. मग दुकानात फोन जातो आणि यंत्र न पाहताच पलीकडून उत्तर येते, “मदरबोर्ड गेला असणार.”

मदरबोर्ड निकामी होतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. परंतु संशयितांच्या यादीत त्याचे स्थान शेवटचे असावे, असे आम्हांस वाटते. त्याचे कारण व्यावहारिक आहे. पाच-सात वर्षे जुन्या संगणकाला जुळणारा नवा मदरबोर्ड बाजारात सहसा मिळत नाही. नवा बोर्ड घेतला की नवा प्रोसेसर आला, नवी रॅम आली आणि दुरुस्तीच्या नावाखाली अर्धा संगणकच नवा घ्यावा लागला. दोष मात्र एखाद्या अडकलेल्या कळीत किंवा वाळून गेलेल्या शे-दोनशे रुपयांच्या पेस्टमध्ये असू शकतो. मुलांच्या शिक्षणासाठी पै-पै जोडून संगणक घेणाऱ्या कुटुंबाला हा फरक लहान नाही. धर्मग्रामाच्या कचेरीत किंवा पतपेढीत जेथे एकाच जुन्या यंत्रावर सारा पत्रव्यवहार साठवलेला असतो, तेथेही तो लहान नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या एकाच दोषाचा विचार आम्ही थोडा सविस्तर करीत आहोत. लॅपटॉपची रचना वेगळी असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.

कळ दाबल्यावर आत काय घडते

दोष शोधण्यापूर्वी निरोगी संगणकात काय घडते ते ठाऊक असले पाहिजे. पूर्वीच्या संगणकांत पुढची कळ घरातील दिव्याच्या बटणाप्रमाणे थेट वीजच जोडत किंवा तोडत असे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स हा आराखडा मांडला आणि तेव्हापासून हे चित्र पालटले. आता भिंतीवरील बटण चालू असेल तर संगणक ‘बंद’ असतानाही त्यातील एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारी पत्र्याची पेटी, पूर्ण झोपलेली नसते. जांभळ्या तारेतून ती मदरबोर्डला पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह सतत देत असते. आपण कळ दाबतो तेव्हा मदरबोर्डला केवळ एक निरोप मिळतो. मदरबोर्ड हिरव्या तारेमार्फत एसएमपीएसला जागे करतो. मग पिवळ्या तारांतून १२ व्होल्ट, लाल तारांतून ५ व्होल्ट आणि नारिंगी तारांतून ३.३ व्होल्ट वाहू लागतात. हे दाब स्थिर झाले की सेकंदाच्या एक दशांश ते अर्ध्या भागात एसएमपीएस करड्या तारेवरून ‘सर्व ठीक’ असा संकेत पाठवतो. तो संकेत मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो, स्वतःची व आजूबाजूच्या भागांची तपासणी करतो आणि मग पडद्यावर काहीतरी दिसते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. संगणक ‘बंद पडला’ असे आपण म्हणतो. वास्तविक बहुतेक वेळा कोणीतरी त्याला जाणूनबुजून बंद करीत असते. कोठेतरी शॉर्ट सर्किट आहे किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला आहे असे दिसले की एसएमपीएस स्वतःहून हात आखडता घेतो. प्रोसेसर धोक्याच्या मर्यादेपलीकडे तापला तर तो वीज तोडण्याचा इशारा देतो. आणि पुढची कळ सुमारे चार सेकंद दाबून धरली गेली तर मदरबोर्ड त्याला मालकाची आज्ञा समजून संगणक बंद करतो. या तिघांपैकी बंद करणारा कोण, हे ओळखले की अर्धे काम झाले. तो ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे मनगटावरील घड्याळ.

घड्याळ लावून पाहावे

कळ दाबल्यापासून संगणक बंद होईपर्यंत किती वेळ गेला, तो दोन-तीन वेळा मोजून कागदावर लिहावा. पंखा जेमतेम अर्धा वळसा घेऊन थांबत असेल, तर बंद करणारा बहुधा एसएमपीएस असतो आणि कोठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता बळावते. अशा वेळी लगेच पुन्हा कळ दाबली तर काहीच घडत नाही; भिंतीवरील बटण बंद करून थोड्या वेळाने लावले तरच पंखा पुन्हा एकदा हलतो. आपले संरक्षण एकदा चालू झाल्यावर वीज पूर्ण काढल्याशिवाय ते न सोडण्याची अनेक एसएमपीएसची पद्धत असते.

प्रत्येक वेळी घड्याळात मोजल्यासारखे चार-पाच सेकंदच लागत असतील, तर कळीकडे पाहावे.

वेळ दर खेपेस बदलत असेल तर प्रकरण अधिक बोलके होते. सकाळी गार असताना संगणक दहा-बारा सेकंद टिकतो, लगेच पुन्हा लावला तर तीन सेकंदांत जातो, अर्धा तास विश्रांती दिली की पुन्हा दहा सेकंद टिकतो, असे असेल तर प्रोसेसर तापतो आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. शॉर्ट सर्किटला विश्रांतीची पर्वा नसते. याच्या नेमके उलट लक्षणही आढळते. पहिले पाच-सहा प्रयत्न फुकट जातात आणि मग संगणक एकदा सुरू झाला की दिवसभर विनातक्रार चालतो. थंडीच्या दिवसांत ही तक्रार वाढते. येथे एसएमपीएसमधील किंवा मदरबोर्डवरील कपॅसिटर म्हातारे झालेले असतात. थोडी ऊब मिळाल्यावर ते काम करू लागतात. अनेकजण अशा संगणकाशी वर्ष-वर्ष जुळवून घेतात, रात्री तो बंदच करीत नाहीत. आमच्या मते हे टाळावे, कारण असा एसएमपीएस अखेरचा श्वास घेताना सोबत इतर भागही नेऊ शकतो.

विंडोजचे चिन्ह दिसल्यानंतर किंवा काम करता करता संगणक बंद होत असेल तर तो वेगळा रोग आहे. तो येथे चर्चेस घेतलेला नाही.

पेटी उघडण्यापूर्वी

प्रथम संगणकाला जोडलेले सर्व काही काढावे: प्रिंटर, स्पीकर, पेन ड्राइव्ह, माऊस आणि कीबोर्डसुद्धा. एखाद्या यूएसबी खाचेतील वाकडी झालेली पितळी पट्टी पाच व्होल्टची तार थेट पत्र्याला टेकवते आणि अख्खा संगणक अडून बसतो. पुढच्या बाजूच्या खाचांत हे अधिक घडते, कारण तेथे मुले पेन ड्राइव्ह उलटा खुपसतात. बॅटरीच्या उजेडात त्या खाचा निरखून पाहाव्यात.

त्यानंतर यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला सारून संगणकाची तार भिंतीतील चांगल्या सॉकेटमध्ये थेट जोडावी. भारनियमनाच्या वर्षांत यूपीएस घराघरांत आला, परंतु त्यातील १२ व्होल्टच्या बॅटरीचे आयुष्य साधारण दोन-तीन वर्षांचेच असते, याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. बॅटरी मेलेला यूपीएस संगणकाचा भार येताच मान टाकतो आणि दोष संगणकाच्या माथी बसतो. कचेऱ्यांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडलेला असतो. या प्रिंटरच्या आत शाई वितळवून कागदावर बसवणारा तापक असतो आणि तो चालू होताच कित्येकशे वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस त्यापुढे टिकत नाही. लेझर प्रिंटरची जागा भिंतीवरील सॉकेटमध्येच.

जुन्या एसएमपीएसच्या पाठीमागे ११५ आणि २३० असे आकडे असलेला एक छोटा लाल खटका असतो. आपल्या देशात तो २३० वरच असला पाहिजे. संगणक चालू असताना, किंवा तार जोडलेली असताना, त्याला मुळीच हात लावू नये. तो ११५ वर सरकवून वीज दिली तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस तत्क्षणी जळतो. नव्या बहुतेक एसएमपीएसमध्ये हा खटका नसतो.

संगणक लावताक्षणी घरातील एमसीबीच खाली पडत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर पुढे काहीही करून पाहू नये. तार काढून ठेवावी आणि जाणकाराला बोलवावे.

कळ आणि तिच्या दोन तारा

आता पेटी उघडू. भिंतीतून तार काढावी, मग पुढची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी म्हणजे आत राहिलेली वीज बरीचशी निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी आणि मगच आतील भागांना स्पर्श करावा. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. घरातील २३० व्होल्टचे तिच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये ते तार काढल्यानंतरही काही वेळ दबा धरून असतात. तिच्यात स्क्रू आहेत म्हणजे ती आपण उघडावी असे नव्हे.

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कळीची आतील स्प्रिंग गंजते. इतरत्र धूळ आणि चहाचे शिंतोडे तेच काम करतात. दाबलेली कळ पूर्ण बाहेर येत नाही, आणि मदरबोर्डला वाटते की कोणीतरी ती दाबूनच धरली आहे. चार सेकंद होतात आणि संगणक आज्ञाधारकपणे बंद होतो. हे तपासण्यासाठी कळीपासून मदरबोर्डकडे जाणाऱ्या दोन बारीक तारांचे टोक शोधावे. त्यावर ‘पॉवर एसडब्ल्यू’ अशी इंग्रजी अक्षरे असतात. ते टोक हलकेच ओढून काढावे, तार पुन्हा भिंतीत जोडावी आणि उघड्या पडलेल्या दोन काड्यांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक केवळ क्षणभर टेकवावे. येथे पाच व्होल्टहून अधिक दाब नसल्याने धक्का बसत नाही. परंतु नेमक्या त्याच दोन काड्या आहेत याची खात्री हवी. संगणक सुरू होऊन सुरूच राहिला, तर गुन्हेगार सापडला.

यावरील उपाय तर आणखी सोपा. कॅबिनेटवर शेजारीच रिसेटची छोटी कळ असते, जी फारसे कोणी वापरत नाही. तिच्या तारांचे टोक ‘पॉवर’च्या काड्यांवर बसवावे. आजपासून रिसेटच्या कळीने संगणक सुरू होईल. खर्च शून्य. असे कित्येक संगणक आम्ही पाहिले आहेत, ज्यांची मूळ कळ केवळ शोभेला उरली आहे.

ताप

प्रोसेसर हा नखाएवढ्या तुकड्यात साठ-पासष्ट वॅट उष्णता निर्माण करणारा प्राणी आहे. ती उष्णता त्याच्यावर बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या हीटसिंकमध्ये गेली नाही, तर काही सेकंदांतच तो असह्य तापतो. आजचे प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या आसपास प्रथम आपला वेग कमी करतात आणि तरीही ताप वाढला तर वीज तोडायला लावतात. ही शहाणीव पूर्वी सर्वांत नव्हती. २००१ साली एका चाचणीत चालू संगणकांवरील हीटसिंक मुद्दाम काढले गेले. इंटेलचा पेंटियम ४ केवळ मंदावला, तर एएमडीच्या त्या काळच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. त्यानंतर दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये ही सोय पक्की झाली. म्हणून आज संगणक सुरू होताच बंद होतो तेव्हा तो आपलाच जीव वाचवत असतो, हे लक्षात घेऊन पुन्हा पुन्हा कळ दाबण्याचा मोह आवरावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंख्यावर धूळ साचली म्हणून संगणक दोन-तीन सेकंदांत बंद होत नाही. पंखा पूर्ण थांबलेला असला तरी हीटसिंक नीट चिकटलेला असेल तर तो काही मिनिटे तग धरतो. सेकंदांत बंद होतो, याचा अर्थ हीटसिंक प्रोसेसरला टेकलेलाच नाही. इंटेलच्या २००४ नंतरच्या अनेक प्रोसेसरांसोबत येणारा हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर उभा असतो. संगणक एका घरातून दुसऱ्या घरी नेताना, आडवा पडल्याने, किंवा साफसफाई करताना यांपैकी एखादी खुंटी निसटते आणि हीटसिंक केसभर तिरपा होतो. तेवढे पुरे होते. बोटाने हलवून पाहिल्यास तो डुगडुगतो. मदरबोर्डच्या मागील बाजूने पाहता आले तर चारही खुंट्यांची टोके पूर्ण बाहेर आली आहेत की नाहीत ते दिसते.

खुंटीच्या माथ्यावर कोरलेल्या बाणाच्या दिशेने फिरवल्यास ती सुटते. बसवण्यापूर्वी ती उलट फिरवून मूळ जागी आणावी लागते. बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन खुंट्या एकाच वेळी दाबाव्यात, ‘टक्’ असा आवाज येतो, मग उरलेल्या दोन. एकेक खुंटी क्रमाने दाबली तर एक बाजू वरच राहते. हीटसिंक एकदा उचलला की जुनी थर्मल पेस्ट निरुपयोगी झाली असे समजावे. ती मऊ कापडाने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठांवरून पुसून काढावी आणि प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याहून लहान असा नव्या पेस्टचा एक ठिपका ठेवावा. अधिक पेस्ट म्हणजे अधिक गारवा नव्हे. तिचे काम दोन धातूंमधील सूक्ष्म फटी भरण्याचे आहे, गादी अंथरण्याचे नाही.

एएमडीच्या एएम४ जातीच्या संगणकांत एक सावधगिरी हवी. तेथे वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. त्याच्या पोटाखालच्या शेकडो बारीक काड्यांपैकी काही वाकतात. म्हणून आधी हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करावा. शेवटी पंख्याची तार ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागीच जोडली आहे ना, तेही पाहावे. शेजारच्या दुसऱ्या जागी जोडली तर पंखा फिरतो, पण मदरबोर्डला तो दिसत नाही आणि काही बोर्ड त्यामुळेच पुढे जाण्यास नकार देतात.

शॉर्ट आणि एसएमपीएस

कळ निर्दोष, हीटसिंक घट्ट, आणि तरीही अर्ध्या सेकंदात सारे थांबते. आता वजाबाकीची पद्धत वापरावी. तार काढलेल्या अवस्थेत हार्ड डिस्कच्या, सीडी ड्राइव्हच्या व कॅबिनेटच्या पंख्यांच्या वीजतारा काढाव्यात. पुढच्या यूएसबीकडे जाणारी पट्टीही काढावी. पडद्याची जोडणी मदरबोर्डवरच असेल तर वेगळे ग्राफिक्स कार्डही काढावे. रॅमची एकच पट्टी ठेवावी. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम एवढाच संसार उरला असता संगणक चालू राहिला, तर एकेक भाग परत जोडत जावे. प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी तार काढायची, हे विसरू नये. ज्या भागाबरोबर रोग परततो, तो भाग दोषी. एसएमपीएसकडून प्रोसेसरजवळ येणारी चार किंवा आठ खाचांची स्वतंत्र पिवळी-काळी तार पूर्ण आत गेली आहे ना, हेही याच वेळी पाहावे. ती सैल असली की काही संगणक लगेच बंद होतात, काहींचे पंखे नुसतेच फिरत राहतात.

नव्याने जुळवलेल्या संगणकात किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी जोडलेल्या यंत्रात आणखी एक जागा तपासण्याजोगी असते. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून त्याखाली पितळी ठोकळे असतात. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा ठोकळा राहून गेला, किंवा एखादा स्क्रू निसटून बोर्डाखाली घरंगळला, तर तो तारा एकमेकींना जोडतो. शंका असेल तर मदरबोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवून पाहावा. पुठ्ठ्यावर चालतो आणि पेटीत चालत नाही, म्हणजे दोष पेटीत आहे.

एसएमपीएसविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. आपल्याकडे प्रोसेसर कोणता, रॅम किती, यावर घरात चर्चा होते. एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला असतो. त्याच्यावर ४५० वॅट असे लिहिलेले असते आणि वजनाला तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. साध्या घरगुती संगणकाला, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर, दीडशे वॅटच्या आतच वीज लागते, म्हणून अशा पेट्यांवर वर्षे निघून जातात. पण कपॅसिटर सुकतात, पंखा थांबतो, आणि पावसाळ्यात उबेसाठी जाळीतून शिरलेल्या मुंग्या किंवा पाल सर्किटवर आडवी होते. दुरुस्ती करणाऱ्यांना हे शेवटचे दृश्य चांगलेच परिचयाचे आहे.

एसएमपीएस तपासण्याची एक पद्धत प्रसिद्ध आहे. तार भिंतीतून काढून ठेवून एसएमपीएसच्या साऱ्या तारा संगणकापासून सोडवाव्यात, २४ खाचांच्या मोठ्या टोकातील हिरवी आणि तिच्या शेजारची एखादी काळी तार वाकवलेल्या कागदाच्या क्लिपने जोडावी, एखादी निकामी हार्ड डिस्क भार म्हणून लावावी आणि मगच वीज द्यावी. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस बहुधा मेला आहे. फिरला तर मात्र तो निर्दोष ठरत नाही, एवढेच सिद्ध होते की रिकाम्या हाताने तो चालू शकतो. भार आल्यावर कोसळणारे अनेक असतात. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसले पाहिजेत. खरी परीक्षा म्हणजे शेजाऱ्याच्या चालू संगणकातील एसएमपीएस तासभर मागून आणून लावून पाहणे. मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत कधीकधी जोडणी निराळी असते, तेव्हा आधी टोके जुळतात का ते पाहावे. तसेच ज्या एसएमपीएसच्या तारा सुट्या होतात, त्याच्या तारा दुसऱ्याच्या पेटीत कधीही खुपसू नयेत. टोक बसते, परंतु आतील तारांचा क्रम निराळा असू शकतो आणि हार्ड डिस्क क्षणात जळते.

राहिलेल्या गोष्टी

रॅमचा दोष असेल तर संगणक सहसा बंद होत नाही. बीप वाजवतो किंवा काळा पडदा दाखवत राहतो. मात्र काही बोर्ड अशा वेळी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचा खेळ करीत राहतात. पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासून, कण झटकून दुसऱ्या खाचेत बसवणे, हा आपल्याकडील जुना उपाय अजूनही पुष्कळदा लागू पडतो. मदरबोर्डवरील रुपयाएवढी सीआर २०३२ बॅटरी तीन व्होल्टची असते. वीज काढून ती काही मिनिटे बाहेर ठेवली तर बिघडलेल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि अडलेला संगणक कधीकधी मार्गी लागतो.

डीडीआर५ रॅमचा नवा संगणक प्रथमच लावत असाल तर घाबरू नये. तो रॅमची ओळख करून घेताना एक-दोनदा बंद होऊन स्वतःच सुरू होतो आणि काही मिनिटे पडदा काळाच ठेवतो. हा दोष नाही. मध्येच तार ओढू नये.

हे सारे झाल्यावर मदरबोर्डकडे वळावे. प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरचे माथे सपाट आहेत की फुगलेले, ते पाहावे. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या असंख्य बोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसले होते आणि ते फुगून फुटत असत. त्या काळातील यंत्र अजून कोणी सांभाळून असेल तर प्रथम तेथेच पाहावे. कुशल कारागीर ते बदलून देतो. इतके करूनही, आणि चांगला एसएमपीएस लावूनही, उघड्या मदरबोर्डचा पंखा अर्ध्या वळशात थांबत असेल, तर बोर्ड किंवा क्वचित प्रोसेसर गेला असे मानण्यास आता आधार आहे.

संगणक दुकानात नेण्याची वेळ आली तर किती सेकंदांत बंद होतो, विश्रांतीने फरक पडतो का, काय काय काढून पाहिले, हे कागदावर लिहून सोबत द्यावे आणि बदललेला भाग परत मागावा. प्रामाणिक कारागीर यावर रागावत नाही, उलट त्याचे काम हलके होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हार्ड डिस्क. या दोषात तिच्यातील छायाचित्रे, हिशेब व कागदपत्रे बहुतेक वेळा जशीच्या तशी सुरक्षित असतात. दुरुस्तीला देण्यापूर्वी ती काढून घरी ठेवता येते. बंद होण्याचा दोष शोधण्यासाठी तिची गरज लागत नाही. यूएसबीच्या बाह्य डबीत बसवून ती दुसऱ्या संगणकावर वाचता येते. मात्र विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. दुसऱ्या यंत्रावर जोडल्यास, किंवा मदरबोर्ड बदलल्यास, ती ४८ अंकांची किल्ली मागते. ही किल्ली सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. संगणक ठणठणीत असतानाच ती खात्यातून शोधून कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवावी.